काळे तळवे, काळी माती आणि वज्री



नगरचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, चांदबिबी, मलिक अंबर, फार तर चौंडीच्या अहिल्याबाई. त्याबद्दल या व्याख्यानमालेत पुष्कळ बोलून झालं आहे. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी एस.टी.च्या स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ असाच पुकारा होतो. आज आम्ही तुम्हाला घोट्याच्या खाली न्यायचं म्हणतो. जन्मभर अनवाणी चालणाऱ्या माणसाचे तळवे काळे पडतात, ते तो कशाने घासतो, केव्हा घासतो, आणि मुळात का घासतो, एवढाच आजचा विषय. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसू झालं. हसा, हरकत नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. शुद्ध आणि अशुद्ध या दोन शब्दांवर वर्गात किती तास गेले त्याला हिशेब नाही. पण ते शब्द जिथे रोज घासले जातात, ती जागा न्हाणीतल्या दगडाजवळ आहे.

आम्हाला पडलेला प्रश्न असा. तळवा काळा असण्याची लाज माणसाला केव्हापासून वाटू लागली? कारण तळवे घासणं फार जुनं आहे, हे आपण पाहणारच आहोत. लाज मात्र तेवढी जुनी नाही, असं आमचं मत आहे.

आधी माती पाहू. नेवासे, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव हा गोदावरी-प्रवरेचा पट्टा काळ्या कसदार जमिनीचा. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून तिला हातभर भेगा पडतात. तिचे कण इतके बारीक की टाचेच्या भेगेत एकदा शिरले की नुसत्या पाण्याने निघत नाहीत. उलट पाणी लागलं की आणखी घट्ट बसतात. पारनेर-जामखेडकडे मुरमाड जमीन; तिथे पाय काळा कमी, खरचटलेला जास्त. अकोल्याच्या डोंगरात भाताची आवणी करणाऱ्या बाईचे पाय तासन् तास चिखलात. तिला डागापेक्षा बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या छळतात. एकाच जिल्ह्यात पायांचे तीन प्रकार! आणि आपल्या भाषेत या पायांसाठी किती शब्द आहेत पाहा. भेग, जळवात, घट्टा, कुरूप, भोवरी, चिखल्या. हे शब्द शेतातून आलेले आहेत.

आता जरा लांब जाऊ. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा जो पाली ग्रंथ आहे, विनयपिटक, त्यात एक विलक्षण प्रसंग आहे. अवंती देशात महाकच्चान नावाचे थोर स्थविर राहत. त्यांचा शिष्य सोण कुटिकण्ण बुद्धाच्या दर्शनाला निघाला, तेव्हा गुरूने त्याच्याजवळ काही सवलतींची विनंती पाठवली. अवंती-दक्षिणापथात जमीन वरून काळी आहे, खरबरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली आहे. म्हणून इथल्या भिक्षूंना अनेक पदरी तळाच्या वहाणा वापरू द्याव्यात, ही त्यांतली एक. दुसरी अशी की इथले लोक स्नानाला फार मान देतात, पाण्याने शुद्धी होते असं मानतात, तेव्हा इथे वारंवार स्नानाची मोकळीक असावी. दोन्ही विनंत्या मान्य झाल्या.

अवंती म्हणजे माळवा, हे खरं. पण ग्रंथाने त्याला दक्षिणापथाची जोड दिली आहे, आणि वर्णन ऐकताना आम्हाला तर नेवाशाचं रानच दिसतं. चिखलात उमटलेले बैलांचे खूर उन्हाने वाळून दगड झालेले. त्यावरून अनवाणी चालून पाहा म्हणजे कळेल. दोन हजार वर्षांहून जुन्या या ग्रंथात काळी माती, खरबरीत वाट आणि धुण्याची आवड या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या आहेत.

त्याच ग्रंथात दुसरा प्रसंग आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो फार मोलाचा वाटतो. विशाखा नावाची श्रावस्तीची श्रीमंत उपासिका संघासाठी तीन वस्तू घेऊन आली. एक घट, एक झाडणी आणि एक ‘कतक’. घट आणि झाडणी स्वीकारली गेली, कतक नाकारलं गेलं. हे कतक म्हणजे पाय घासायची भाजक्या मातीची वस्तू. टीकाकार सांगतात की ती कमळाच्या गाभ्यासारखी घडवलेली, वर टोकं काढलेली, गोल किंवा चौकोनी असे. ती नको, कारण तिने चैनीकडे कल होतो. पण लगेच पुढे तीन साधनांना परवानगी आहे, खडा, खापरीचा तुकडा आणि समुद्रफेन.

पाहा, पाय घासू नका असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट, न धुतलेल्या पायांनी अंथरुणावर पाऊल टाकू नये असा नियम शेजारीच आहे. अंथरूण संघाचं, सगळ्यांचं. म्हणजे तळवे स्वच्छ ठेवायचे ते दुसऱ्याच्या सोयीसाठी. फक्त त्यासाठी कोरीव वस्तू बाळगायची नाही, रस्त्यावरचा खडा पुरे. गरज कुठे संपते आणि शौक कुठे सुरू होतो, या प्रश्नावर आम्ही मोठमोठे ग्रंथ वाचले. इतकं नेमकं उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळालं.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. त्याच गावाजवळ, प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची टेकडी आहे. तिथे 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. त्याचा जाडजूड अहवाल 1960 साली निघाला. अश्मयुगापासून मुसलमानी अमदानीपर्यंतचे थर एकाच ठिकाणी मिळाले म्हणून नेवासे जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक झालं. वर्तमानपत्रांत गाजली ती दगडी हत्यारं आणि ताम्रपाषाणयुगातली रंगीत भांडी. पण सातवाहनांच्या काळातल्या थरांत एक साधी वस्तूही सापडते. भाजक्या मातीचा, खरबरीत पाठीचा, मुठीत मावणारा तुकडा. अहवालांत त्याला इंग्रजीत ‘स्किन रबर’ म्हणतात. तक्षशिलेला मार्शलसाहेबांना असेच मिळाले, त्यांनी ‘फ्लेश रबर’ लिहिलं. उकरणाऱ्या एखाद्या मजूर बाईला विचारलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं, ही वजरी आहे.

वज्री म्हणा, वजरी म्हणा. आमच्या पिढीतल्या प्रत्येक घरात ती होती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्याकडे विटेचा तुकडा होता, किंवा न्हाणीतल्या दगडाची एक खडबडीत कड होती, जी घरातल्या तीन पिढ्यांच्या टाचांनी गुळगुळीत झालेली असे. सातवाहनांचा काळ म्हणजे रोमशी व्यापार, लेणी, नाणी. आणि त्याच काळात नेवाशात कोणीतरी संध्याकाळी रानातून येऊन पायरीवर बसून टाच घासत होतं. इतिहासाचं हे चित्र आम्हाला नाण्यांपेक्षा जवळचं वाटतं.

मग घासत का होते? डाग दिसू नये म्हणून? आमचं उत्तर, नाही. आयुर्वेद पाहा. सुश्रुताने क्षुद्ररोगांत ‘पाददारी’ सांगितली आहे. फार चालणाऱ्याचे पाय रुक्ष होतात आणि तळव्यांना भेगा पडतात, हे तिचं वर्णन. त्याच संहितेत विटेने अंग घासल्याचे गुण सांगितले आहेत, खाज जाते वगैरे. चरकाने दिनचर्येत पायांना तेल चोळायला सांगितलं. त्याने खरखरीतपणा, ताठरपणा, बधिरपणा आणि थकवा जातो म्हणतो, दृष्टीलाही चांगलं म्हणतो. पायांच्या रंगाबद्दल मात्र या ठिकाणी काही नाही. बोलणं सगळं दुखण्याचं आणि थकव्याचं आहे. भेग वाढली की त्यात काटा मोडतो, पू होतो, माणूस चार दिवस बसून राहतो. बसून राहिला की मजुरी बुडते. वज्री हे मुळात कामकऱ्याचं औजार आहे, विळ्याला धार लावायच्या दगडासारखं.

शौकाची वज्रीही अर्थात होतीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पितळेच्या, नक्षीकामाच्या वज्र्या आहेत, जरूर पाहा. पाठीवर पक्षी, प्राणी बसवलेले, धरायला सुबक मूठ, खाली तेवढा खरखरीत भाग. दिनकर केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींबरोबर अडकित्ते, दिवे आणि वज्र्या गोळा केल्या, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. विशाखेचं नाकारलेलं कतक असं शेवटी पितळेत उतरलं. पण ही वज्री ज्या पायांवर फिरली ते पाय रानात गेलेले नव्हते. तो वेळ, ते ऊन पाणी आणि चोळून देणारं माणूस ज्यांच्या घरी होतं, त्यांचे ते पाय.

आता पाणी. आपला जिल्हा अवर्षणाचा. इथे पाहुण्याला पाय धुवायला तांब्या पुढे करणं हा मोठा मान, कारण तो तांब्या लांबून आलेला असतो. आणि पाय धुण्याची दुसरी जागा म्हणजे बारव. पायऱ्या उतरायच्या, पाय पाण्यात सोडायचे, थकवा जातो. याच सुखाने एक भयंकर रोग पसरत होता, नारू. नारूचा धागा बहुधा पायातूनच बाहेर येतो. आग होते म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो, जंतूची पिल्लं पाण्यात सुटतात, आणि तेच पाणी वरच्या घरांत प्यायला जातं. पायविहिरींत उतरू नका, पाणी गाळून प्या, हे लोकांना समजावून भारतातून नारू गेला. शेवटचा रुग्ण 1996 सालचा, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं सांगितलं. आज इथे बसलेल्या तरुणांना नारू शब्दही नवा असेल. म्हणून सांगतो, पाय कुठे धुवायचे हाही इतिहासाचा प्रश्न आहे, नुसता शिष्टाचाराचा नाही.

यापुढचा भाग थोडा कडू आहे. पाय अनवाणी का होते? गरिबी हे अर्धंच उत्तर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड आपल्या जिल्ह्याचा, 1884 सालचा. त्यात जातवार माहिती देताना पोशाखाबरोबर पायातल्या जोड्यांची, वहाणांची नोंदही ठिकठिकाणी येते. पायातलं पायताण ही माणसाची ओळख होती. ज्यांनी मेलेली गुरं ओढली, ज्यांनी कातडं कमावलं, ज्यांनी वहाणा शिवल्या, त्यांनाच गावातून जाताना त्या काढून हातात घ्याव्या लागत. कातडं त्यांचं, कसब त्यांचं, आणि तळवा उघडा तोही त्यांचाच.

याच्याही पुढची पायरी आहे. बाबासाहेब आंबेडकरांना लाहोरला जातपात तोडक मंडळापुढे जे भाषण करायचं होतं आणि जे होऊ दिलं गेलं नाही, ते त्यांनी 1936 साली छापलं. त्यात पेशवाईतल्या पुण्याबद्दल त्यांनी लिहिलं आहे की अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, आपल्या पावलाखालची धूळ मागच्या मागे झाडून जावी म्हणून. म्हणजे तिथे मातीचा डाग तळव्यावर पडत नव्हता, तळव्याचा डाग मातीवर पडत होता! आणि तो कुठल्याही वज्रीने जाणारा नव्हता, कारण तो मळ नव्हताच. शुद्ध-अशुद्धाची चर्चा करताना हे उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देत असू. ते ऐकून वर्ग गप्प होई.

आणि याच समाजात पायधूळ मस्तकाला लावायचीही रीत आहे. संतांची, गुरूंची, वारकऱ्यांची. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून आपल्या जिल्ह्यातून जाते, राहुरी, नगर, मिरजगाव करत पुढे करमाळ्याकडे. वाटेवरच्या गावांत बायका वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल चोळतात, आणि त्या पायांवर डोकं ठेवतात. नवरात्रात पाथर्डीजवळच्या मोहटादेवीला रात्रभर अनवाणी चालत जाणारे हजारो. कित्येक जण नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. त्यांचे तळवे पाहा, डांबरावर चालून काळेकुट्ट झालेले असतात. कोणी लपवत नाही. तीच धूळ, तोच तळवा. एका ठिकाणी ती झाडूने पुसून टाकायची, दुसऱ्या ठिकाणी कपाळाला लावायची, आणि शहरातल्या सुनेच्या टाचेवर दिसली तर नाक मुरडायचं. मळ म्हणजे भलत्या जागी पडलेली वस्तू, असं मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या 1966 सालच्या ग्रंथामुळे सगळीकडे म्हटलं जाऊ लागलं. आम्ही त्याला एवढंच जोडू की जागा कोणती भलती, हे ठरवणारा कोणीतरी असतो.

तर मग लाज कुठून आली? आमच्या मते ती जमिनीतून आली. घरातल्या जमिनीतून. शेणाने सारवलेल्या घरात पाय आणि भुई एकाच मातीचे. तिथे पावलाचा ठसा उमटतच नाही. उलट सारवण ओलं असताना तळव्यालाच हिरवट डाग पडे, आणि त्याला कोणी मळ म्हणत नसे. मग शहाबादी फरशी आली. ती करडी, समजूतदार. तिने बरंचसं पोटात घातलं. त्यानंतर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पांढरी फरशी आली. तिच्यावर शेतातून आलेल्या माणसाची पाच बोटं आणि टाच स्पष्ट उमटते. मुलगा नगरला किंवा पुण्याला फ्लॅट घेतो, गावाकडून वडील येतात, दारातच कोणीतरी हळूच म्हणतं, “आबा, पाय धुऊन या हं.” शब्द आदराचेच असतात. पण आबा पुढच्या वेळी सोफ्यावर पाय वर घेऊन बसत नाहीत, तळवे खाली लपवून बसतात. हे आम्ही इतक्या घरांत पाहिलं आहे की कोणा एकाचं म्हणून सांगत नाही. बायकांचं तर विचारूच नका. भेगाळलेल्या टाचांवर साडी ओढून घेण्याची सवय ज्या बायकांना आहे, त्यांनी जन्मभर कामाशिवाय दुसरं काही केलेलं नसतं.

2018 च्या मार्चमध्ये हे लपलेले तळवे एकदम सगळ्या देशाला दिसले. 6 तारखेला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे 180 किलोमीटर चालून 12 तारखेला मुंबईत आला. किसान सभेच्या त्या मोर्चात अकोल्याच्या डोंगरातले आदिवासीही होते. वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मोठी मागणी. कोणाच्या पायात झिजलेली चप्पल, कोणाच्या पायात काहीच नाही. कातडं सोललेल्या तळव्यांचे फोटो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले, आणि मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. दहावीची परीक्षा होती म्हणून मोर्चा रात्रीच चालून आझाद मैदानात पोचला, ही गोष्टही लोकांच्या लक्षात राहिली. पण खरं काम त्या फोटोंनी केलं. निवेदनांत जे वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं, ते तळव्यावर वाचता आलं.

या विषयावर बोललं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, “सर, ते सगळं ठीक, पण काळे तळवे साफ कसे करायचे?” तेव्हा तो विचारायची वाट न पाहता सांगून टाकतो. जुन्या बायकांची रीतच खरी आहे. आधी पाय कोरडेच झाडा-पुसा. काळी माती पाणी लागताच चिकटते, म्हणून आधी पाणी नको. मग कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसा, कढत पाण्यात नव्हे. साबण लावा, आणि कातडं मऊ पडल्यावर वज्री हलक्या हाताने फिरवा. डांबर लागलं असेल तर रॉकेल कशाला, खायचं तेल चोळा, ते सुटतं, मग साबण. एका दिवसात गोरा तळवा काढायचा हट्ट धरू नका. घट्टा म्हणजे मळ नाही, ते अनवाणी माणसाचं चामड्याचं पायताणच आहे, सगळं खरवडलं तर उद्या खडा टोचेल. ब्लेडने टाच तासू नका. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर वज्री हातातच घेऊ नये. त्यांनी रोज रात्री उजेडात तळवा पाहावा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवावा, आणि जखम दिसली तर डॉक्टरकडे जावं. बाकीच्यांनी पाय कोरडे करून, बोटांच्या बेचक्यासुद्धा, भेगांत आमसुलाचं तेल भरावं. ते थंडीत दगडासारखं घट्ट होतं, पळीत जरा कोमट केलं की पातळ होतं. कोकणातून येतं, नगरच्या बाजारात काष्टौषधीच्या दुकानात अजून मिळतं.

आणि वज्री प्रत्येकाची वेगळी असावी. एकाच्या पायाची बुरशी दुसऱ्याला लागते. वापरून झाली की मोरीच्या कोपऱ्यात ओली टाकू नका, धुऊन उन्हात ठेवा.